दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाचे लोह

"आमचे बाळ अपुऱ्या दिवसांचे खरे, पण आता अंगावर चांगले पिते, वजनही धरू लागले आहे, मग हे लोहाचे थेंब अजून किती दिवस पाजायचे, आणि मुळात ते हवेतच कशाला?" हा प्रश्न, काही आठवडे काचेच्या पेटीत काढून घरी परतलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी आज ना उद्या निघतोच. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पूस नदी जेथे पैनगंगेला मिळते त्या महागाव तालुक्यातील एखाद्या गावाची गोष्ट घ्या. प्रसूती आठव्या महिन्याच्या आरंभीच झाली, बाळ सव्वा किलोच्याही आत भरले, त्याला यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत न्यावे लागले, आणि ईश्वरकृपेने व डॉक्टर-परिचारिकांच्या परिश्रमाने ते सुखरूप घरी आले, म्हणजे घरच्यांना संकट टळले असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. निघताना हाती पडलेल्या कागदावर मात्र लोहाच्या थेंबांची एक ओळ असते, आणि सर्वांत आधी विसरली जाते तीही नेमकी हीच. त्या एका ओळीमागे कोणते शास्त्र उभे आहे, ते या प्रकरणात क्रमाक्रमाने पाहू.

1. शेवटच्या तीन महिन्यांची आवक

रक्ताला तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तातील तांबड्या कणांत भरलेले असते. फुप्फुसांतून प्राणवायू उचलून तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविणे हे त्याचे काम, आणि ते काम त्याला साधते ते केवळ त्याच्या अंगभूत लोहामुळे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन घडविण्यास सुमारे 3.4 मिलिग्रॅम लोह लागते. हिमोग्लोबिनचे प्रमाण वयोमानाच्या अपेक्षेहून खाली उतरले, की त्या अवस्थेस वैद्यक रक्तक्षय म्हणते आणि आपण "अंगात रक्त कमी आहे" असे म्हणतो.

गर्भाला हे लोह आईकडून वारेच्या वाटे मिळते; परंतु नऊ महिने सारख्या गतीने नव्हे. त्यातील बहुतांश भाग शेवटच्या तीन महिन्यांतच येतो. ज्वारीची खळी होऊन धान्य घरात येऊ लागावे, कणगी निम्मीशिम्मी भरावी आणि बाकीच्या गाड्या खळ्यावरच असताना घरातल्या एका भावाला वेगळे निघावे लागावे, तशीच अपुऱ्या दिवसांच्या बाळाची स्थिती असते. त्याच्या वाट्याची कणगी रिकामी नसते, पण भरलेलीही नसते. आई स्वतः अतिशय अशक्त असेल, तिचा रक्तदाब वाढलेला असेल किंवा तिला मधुमेह असेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळाची कणगीदेखील उणी राहू शकते. मग अपुऱ्या दिवसांच्या बाळाविषयी बोलायलाच नको.

2. हिशेब मांडून पाहू

जन्मतः बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे 75 मिलिग्रॅम लोह असते. हे प्रमाण पूर्ण दिवसांच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत फारसे वेगळे नसते. वेगळे असते ते वजन. म्हणून 3 किलोच्या बाळापाशी सुमारे 225 मिलिग्रॅम लोह असते, तर 1.2 किलोच्या बाळापाशी जेमतेम 90.

आता पुढच्या पाच-सहा महिन्यांचा अंदाज घेऊ. पूर्ण दिवसांचे बाळ या मुदतीत दुप्पट होते, म्हणजे 6 किलोचे. दर किलोमागे 80 मिलीलीटर रक्त धरले, तर त्याच्या अंगात 480 मिलीलीटर रक्त हवे. त्यात दर 100 मिलीलीटरमागे 11 ग्रॅम हिमोग्लोबिन असावे अशी अपेक्षा धरली, तर एकूण हिमोग्लोबिन झाले सुमारे 53 ग्रॅम आणि त्याला लागणारे लोह सुमारे 180 मिलिग्रॅम. जन्मतः शिल्लक होती 225. स्नायूंना व इतर अवयवांना लागणारा वाटा वजा जाता हे बाळ सहाव्या महिन्यापर्यंत कसेबसे निभावते.

अपुऱ्या दिवसांचे बाळ मात्र लहान असल्यामुळेच झपाट्याने वाढते, आणि याच मुदतीत ते चौपट होऊ शकते. 1.2 किलोचे बाळ 4.8 किलोचे झाले, म्हणजे त्याला 384 मिलीलीटर रक्त हवे, त्यात सुमारे 42 ग्रॅम हिमोग्लोबिन हवे, आणि त्यासाठी लोह हवे सुमारे 144 मिलिग्रॅम. जन्मतः शिल्लक होती 90. केवळ रक्तापुरतीच ही तूट 54 मिलिग्रॅमांची. बाकीच्या अवयवांचा वाटा अजून मांडलेलाच नाही. बाळ जितके चांगले बाळसे धरते तितकी ही तूट वाढत जाते, म्हणून "आता बाळ गुटगुटीत झाले, औषध कशाला?" या समजुतीत फसगत आहे.

या हिशेबात रुग्णालयातील तपासण्यांचा खर्चही धरला पाहिजे. 1.2 किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून 100 मिलीलीटरच्या आसपास रक्त असते. त्यातून 1 मिलीलीटर काढणे म्हणजे प्रौढ माणसाचे 50 मिलीलीटर काढण्यासारखे आहे. त्या एका मिलीलीटरबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. तपासण्या टाळता येत नाहीत, परंतु चार-सहा आठवड्यांत मिळून 20 मिलीलीटर रक्त काढले गेले, तर नव्वदातले दहा मिलिग्रॅम लोह तेथेच खर्ची पडते.

3. पहिली उतरण: जिच्यावर लोहाचा इलाज नाही

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागेल, कारण पुष्कळ गोंधळ हिच्यामुळेच होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे हिमोग्लोबिन एकदा नव्हे, दोनदा उतरते, आणि या दोन उतरणींची कारणे निरनिराळी आहेत.

गर्भाशयात प्राणवायू बेताचाच मिळतो, म्हणून गर्भ तांबडे कण भरपूर तयार करतो. जन्मानंतर बाळ स्वतः श्वास घेऊ लागते, प्राणवायू विपुल मिळतो, आणि अस्थिमज्जेला "कण तयार कर" अशी ताकीद देणारा एरिथ्रोपोएटिन नावाचा स्राव जवळजवळ थांबतो. जुने कण मोडत राहतात, नवे फारसे तयार होत नाहीत, आणि हिमोग्लोबिन खाली येते. पूर्ण दिवसांच्या बाळात ही उतरण आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास तळ गाठते, आणि ती इतकी सौम्य असते की घरच्यांना तिची खबरही लागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती लवकर, चार ते आठ आठवड्यांत येते आणि अधिक खोल जाते. दीड किलोच्या आतील बाळांत हिमोग्लोबिन 8 ते 10 ग्रॅमपर्यंत आणि फारच लहान बाळांत त्याहूनही खाली उतरते. प्रौढांचा तांबडा कण सुमारे 120 दिवस जगतो, तर या बाळांचा पुष्कळदा त्याच्या निम्मेही नाही. शिवाय हा स्राव अजून मूत्रपिंडाऐवजी यकृतातच तयार होत असल्यामुळे प्राणवायूच्या उणिवेला त्याचा प्रतिसाद मंद असतो.

ही पहिली उतरण लोहाच्या अभावाने होत नाही, आणि म्हणून लोह दिल्याने ती थांबतही नाही. उलट मोडलेल्या कणांतील लोह वाया न जाता परत कणगीत जमा होते. "थेंब चालू असूनही रक्त कमीच झाले, मग थेंबांचा उपयोग काय?" असे म्हणून या टप्प्यावर औषध सोडून देणाऱ्यांची चूक येथेच होते.

4. दुसरी उतरण: जी टाळता येते

दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर बाळाचे शरीर पुन्हा जोमाने रक्त तयार करू लागते आणि त्याच वेळी वजनही भरभर वाढत असते. साठवलेले लोह आता झपाट्याने उपसले जाते. कणगीचा तळ दिसू लागतो आणि लोहाच्या अभावाचा खरा रक्तक्षय सुरू होतो. लोहाचे थेंब देतात ते या दुसऱ्या उतरणीसाठी. ते उतरण सुरू होण्यापूर्वीच चालू करावे लागतात, कारण गरज उभी राहील त्या दिवशी शिल्लक हाताशी असली पाहिजे.

याचा पडताळा स्वीडनमधील एका अभ्यासात चांगला मिळाला. 2 ते 2.5 किलो वजनाच्या, म्हणजे आपल्याकडे ज्यांची फारशी काळजी कोणी करीत नाही अशा 285 बाळांचे तीन गट करून, दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत एका गटाला लोह दिले नाही, दुसऱ्याला दर किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम आणि तिसऱ्याला 2 मिलिग्रॅम दिले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहाव्या महिन्यात पहिल्या गटात लोहाची कमतरता शेकडा सुमारे 36 बाळांत आढळली, दुसऱ्यात सुमारे 8 आणि तिसऱ्यात सुमारे 4. लोहाअभावीचा प्रत्यक्ष रक्तक्षय पहिल्या गटात शेकडा 10 च्या आसपास होता. तिसऱ्यात एकालाही नव्हता.

5. मेंदूचा वाटा

रक्त थोडे कमी असले तर असो, पुढे खाण्यापिण्याने भरून येईल, असे कोणी म्हणेल. पण लोह केवळ रक्तासाठी नसते. मेंदूतील पेशींना ऊर्जा मिळणे, मज्जातंतूंवर आवरण चढणे, एका पेशीचा संदेश दुसरीस पोहोचविणारी द्रव्ये घडणे, या साऱ्यांस लोह लागते, आणि मेंदूची ही बांधणी पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगाने चालते.

त्यातही लोह अपुरे असले, की शरीर ते प्रथम तांबड्या कणांकडे वळवते आणि इतर अवयवांच्या, मेंदूच्यासुद्धा, वाट्याला कात्री लावते. म्हणजे हिमोग्लोबिन खालावलेले दिसेपर्यंत मेंदूची उपासमार आधीच सुरू झालेली असू शकते. स्वीडनमधील तीच बाळे साडेतीन वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा बुद्ध्यंकात लक्षणीय तफावत दिसली नाही; परंतु वर्तनविषयक अडचणी लोह न मिळालेल्या गटात शेकडा सुमारे 13 मुलांत होत्या, तर लोह मिळालेल्या गटांत सुमारे 3 मुलांत. रक्त कमी झाल्याचे कागदावर दिसेपर्यंत थांबू नये, याचे सर्वांत सबळ कारण हे.

6. आईचे दूध, आईचे टॉनिक आणि घरचे उपाय

आईच्या दुधाला पर्याय नाही, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर ते अमृताहून मोलाचे आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, ती अशाच नाजूक अर्भकांना मानवी दूध मिळावे म्हणून. तथापि या दुधात लोह फार थोडे, लीटरला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. ते शोषले चांगले जाते. पण दिवसाला 300 मिलीलीटर दूध पिणाऱ्या 1.8 किलोच्या बाळाला त्यातून एक-दशांश मिलिग्रॅमच मिळते. भरलेली कणगी घेऊन आलेल्या बाळाला एवढे चालते. अर्धी घेऊन आलेल्याला चालत नाही.

"मग आईलाच लोहाच्या गोळ्या द्या, दुधातून बाळाला मिळेल," असा सल्ला वडीलधाऱ्या बायका सद्‍हेतूने देतात. आईने गोळ्या अवश्य घ्याव्यात, कारण त्यांची गरज तिला स्वतःला आहे. परंतु तिने कितीही लोह घेतले तरी दुधातील लोहाचे प्रमाण जवळजवळ बदलत नाही. गायीम्हशीच्या दुधात लोह कमी, त्याचे शोषण त्याहून कमी, आणि पहिल्या वर्षात ते पाजल्यास आतड्यांतून नकळत रक्त झिरपू शकते. गुटी, गुळाचे पाणी किंवा मधाचे चाटण यांतून लोहाची भरपाई होत नाही; मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये, कारण त्यातून एक घातक जंतुविकार होण्याचे भय असते.

7. किती, केव्हा आणि कोठवर

जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधावर वाढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना लोह देण्याची शिफारस केली आहे. सर्वसाधारण प्रमाण रोज दर किलो वजनामागे 2 ते 4 मिलिग्रॅम असे असते. फार लहान बाळांना दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यापासून आणि त्यांहून थोड्या मोठ्या बाळांना सहा-आठ आठवड्यांपासून ते सुरू करतात. बाळाच्या स्थितीनुसार डॉक्टर ते सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत चालू ठेवतात. बाळाला रक्त चढवावे लागले असेल, तर त्यातूनच बरेच लोह मिळालेले असते, म्हणून अशा बाळाचा आरंभ डॉक्टर लांबणीवर टाकू शकतात.

एक उदाहरण करून पाहू. बाळ 1.8 किलोचे आहे आणि डॉक्टरांनी दर किलोमागे 2 मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. म्हणजे रोजचे 3.6 मिलिग्रॅम. बाटलीवर "प्रत्येक मिलीलीटरमध्ये मूलद्रव्यरूप लोह 10 मिलिग्रॅम" असे छापलेले असेल, तर रोजचे औषध झाले 0.36 मिलीलीटर. बाजारात याहून तीव्र औषधेही मिळतात. बाटली बदलली आणि माप तेच ठेवले, तर बाळाला दुप्पट-अडीचपट लोह जाऊ शकते. म्हणून बाटली बदलताना तीवरील अंक डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखविल्यावाचून थेंब पाजू नयेत. तसेच बाळ 3 किलोचे झाले, तर त्याच हिशेबाने रोजचे 6 मिलिग्रॅम हवे; दीड महिन्यापूर्वीचे माप आता अपुरे पडते. वजन वाढेल तसे माप वाढवून घेणे, ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

थेंब पाजण्याची रीतही साधी आहे. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये किंवा बाटलीसोबतच्या ड्रॉपरमध्ये ठरलेल्या रेषेपर्यंत औषध घ्यावे, बाळाचे डोके किंचित उंच धरावे, आणि गालाच्या आतल्या बाजूस हळूहळू सोडावे. जिभेच्या मध्यावर एकदम सोडल्यास ठसका लागतो. दोन पाजण्यांच्या मधल्या वेळी दिलेले चांगले. बाळ उलटी करीत असेल तर थोड्या काढलेल्या दुधात मिसळून देण्यास डॉक्टरांना विचारावे. बाळाची शी काळपट-हिरवी होते, हा औषधाचाच रंग आहे. त्या भीतीने औषध बंद करण्याचे कारण नाही.

8. जास्त दिले म्हणून जास्त गुण येत नाही

लोह ही दुधारी वस्तू आहे. शरीरात मोकळे फिरणारे जादा लोह पेशींना इजा करते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ती इजा निवारण्याची शक्ती अजून कच्ची असते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत घाई करीत नाहीत आणि सांगितलेल्या प्रमाणाबाहेर जात नाहीत.

खरा धोका घरातल्या फळीवर असतो. आईला मिळणाऱ्या सरकारी तांबड्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. दर किलोमागे 20 मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि 60 मिलिग्रॅमच्या पुढे जिवावर बेतते. म्हणजे 3 किलोच्या बाळाच्या पोटात गेलेली एक गोळीसुद्धा धोक्याची आणि तीन गोळ्या प्राणघातक ठरू शकतात. बाळाला गोळीचा तुकडा कुटून कधीही देऊ नये, आणि घरात रांगते मूल असेल तर गोळ्या कुलपातच ठेवाव्यात.

आणखी एक गोष्ट. 2018 पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांच्या पुढील बालकांना आठवड्यातून दोनदा 1 मिलीलीटर द्रव औषध देतात. त्यात 20 मिलिग्रॅम लोह आणि 100 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. (या फॉलिक आम्लाचा माग प्रथम लागला तो आपल्याच मुंबईत, 1928 नंतरच्या काळात, गिरणीकामगार गर्भिणींच्या रक्तक्षयावर संशोधन करणाऱ्या डॉ. लूसी विल्स यांना.) बाळाला डॉक्टरांचे थेंब आधीपासून चालू असतील, तर ही दोन्ही औषधे एकत्र चालवायची की एकच, हे विचारून घ्यावे.

9. नाळेपासून घरापर्यंत

प्रतिबंधाचा पहिला क्षण जन्माचाच आहे. बाळ जन्मल्याबरोबर नाळ कापण्याऐवजी निदान एक मिनिट थांबले, तर वारेतील बरेच रक्त बाळाच्या अंगात उतरते, आणि त्याबरोबर पुढील काही महिन्यांचे लोहही. बाळाला तातडीच्या उपचाराची गरज नसेल तर असे थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अपुऱ्या दिवसांच्या बाळांसही लागू आहे. यास एक पैसाही पडत नाही.

दुसरा क्षण मात्र एक नसून अनेक महिने चालतो, आणि तो घरात घडतो. विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची पद्धत उभी केली. 39 गावांतील या प्रयोगाने नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा 62 ने घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई रुग्णालयात झालेल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, आणि पुढे 3, 6, 9, 12 व 15 व्या महिन्यात ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे. 42 वा दिवस आणि तिसरा महिना यांच्या मधली जागा मोठी आहे, आणि दुसरी उतरण नेमकी त्याच सुमारास सुरू होते. म्हणून त्या मुदतीत बाळाला वजनासाठी उपकेंद्रात नेण्याचा जिम्मा घरच्यांनीच घ्यावा.

बाळ दूध पिताना लवकर थकत असेल, पिताना घाम येत असेल, वजन अडले असेल, तळवे व ओठ पांढुरके दिसत असतील, किंवा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल, तर थेंबांचे माप घरच्या घरी वाढवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण प्रतिबंधाचे माप आणि उपचाराचे माप निराळे असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा 68.9 मुलांत रक्तक्षय आढळला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे सगळे उत्तर एका बाटलीत नाही, हे उघड आहे. परंतु जे बाळ दिवस भरण्याआधी आले, त्याच्यापुरते उत्तर पुष्कळ अंशी त्या बाटलीतच आहे. तुमच्या घरी असे बाळ असेल, तर रुग्णालयातून मिळालेला कागद आजच काढून पाहा, लोहाच्या ओळीपुढचे माप कोणत्या वजनासाठी लिहिले होते ते वाचा, आणि बाळाचे आजचे वजन घेऊन ते माप डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या.